एकाच दावणीच्या दोन म्हशी: नुसतं बसून राहण्याचा खर्च वेगवेगळा का?

उचगाव, कडोली, येळ्ळूर, बेळगावच्या भोवतालच्या कुठल्याही गावात गोठ्याच्या दारात थोडा वेळ उभं राहिलं की असलं बोलणं कानावर पडतंच.

“काकू, ही बारकी म्हस एवढी का ओ वाळल्या?”

“काय की बाबा. वैरण तेवढीच खाऊलाल्या, पेंडबी तेवढीच. पन खाल्लेलं अंगाला काय लागत न्हाई बघ.”

शेजारच्या खुंट्याला बांधलेली म्हैस त्याच वयाची, जवळजवळ त्याच बांध्याची, पण अंग कसं तुकतुकीत. जंताचं औषध पाजून झालेलं असतं, गोचीड काढून झालेले असतात, दात बघून झालेले असतात. दांडगी म्हैस बारकीच्या गव्हाणीत तोंड घालते का, हेही कुणीतरी रात्री उठून पाहिलेलं असतं. यातलं काहीतरी पुष्कळदा सापडतं आणि प्रश्न मिटतो. पण कधीकधी सगळं तपासूनही फरक उरतो, आणि मग आजी नजर उतरून टाकते.

या उरलेल्या फरकाचा एक मोठा वाटा अशा खर्चात असतो जो डोळ्यांना दिसत नाही. जनावर चरत नाही, चालत नाही, दूध देत नाही, वाढत नाही, नुसतं डोळे उघडे ठेवून बसलेलं आहे, तेव्हाही त्याचं शरीर ऊर्जा जाळत असतं. हृदय चालू, श्वास चालू, मूत्रपिंडं रक्त गाळताहेत, पेशी आपली डागडुजी करताहेत. याला शास्त्रात विश्रांतीतला चयापचय दर म्हणतात. आपण त्याला विश्रांतीतला खर्च म्हणू. आणि नवलाची गोष्ट अशी की एकाच प्रजातीच्या, एकाच वजनाच्या, एकाच वयाच्या दोन जनावरांत हा खर्च चांगलाच वेगळा असू शकतो.

मोजायचा कसा, हे आधी पाहिलं पाहिजे, कारण या विषयातले निम्मे घोळ मोजण्यातच होतात.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उबेनं किती बर्फ वितळलं ते पाणी मोजून ठरवलं. त्याच जातीच्या प्राण्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला तेही पाहिलं, आणि श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं संथ जळणच आहे असा निष्कर्ष काढला. आजही तत्त्व तेच आहे, फक्त बर्फाऐवजी हवा मोजतात. उंदराला एका बंद डब्यात ठेवायचं, डब्यातून ठरलेल्या वेगाने हवा सोडायची, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतल्या ऑक्सिजनचा फरक यंत्राने टिपत राहायचं. मासा असेल तर त्याच्या अंगाला बेताची होईल अशी पाण्याची नळी घ्यायची. उंदीर डब्यात टाकल्यावर आधी हुंगतो, खाजवतो, कडा कुरतडतो, तेव्हा आकडा वरखाली नाचतो. बऱ्याच वेळाने तो अंग चोरून बसतो आणि आलेखाची रेघ खाली येऊन सपाट होते. हवा असतो तो हा सपाट भाग. मासा नव्या नळीत शांत व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून रात्रभर मोजून त्यातले सगळ्यात खालचे आकडे धरतात.

अटीही कडक असतात. पोट रिकामं हवं, कारण पचनालाच खूप ऊर्जा लागते. हवेत थंडीही नको आणि उकाडाही नको, म्हणजे अंग गरम किंवा गार ठेवायचा खर्च मिसळत नाही. जनावर पूर्ण वाढलेलं हवं, गाभण किंवा दुभतं नको. बेडूक, सरडा, मासा यांच्या बाबतीत तापमान फारच काटेकोर सांभाळावं लागतं, कारण भोवतालचं तापमान १० अंशांनी चढलं की त्यांचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो.

आता हे म्हशीला लावून पाहा. तिच्या पोटात कायम आंबवण चाललेलं असतं. आज वैरण बंद केली तरी कोठीपोटातलं आंबवण चालूच राहतं, ते थांबायला दोन-तीन दिवस लागतात. ‘उपाशी पोटी’ ही अट रवंथ करणाऱ्या जनावराला लावणं किती अवघड आहे ते यावरून कळेल. त्यामुळे या विषयातलं बरंचसं पक्कं ज्ञान उंदीर, पक्षी आणि मासे यांच्याकडून आलं आहे, आणि गुरांबद्दलचं ज्ञान मुख्यतः मेंढ्या आणि मांसासाठी वाढवलेल्या गुरांकडून.

वजनाचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो माक्स क्लायबर या मूळच्या स्विस शास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियात गुराढोरांच्या आहारावर काम करताना १९३२ साली त्यांनी दाखवलं की जनावराचं वजन जसं वाढतं तसा विश्रांतीतला खर्च वाढतो, पण त्याच प्रमाणात नाही, जरा कमी. त्यांच्या सूत्राप्रमाणे २५ किलोची शेळी आणि ४०० किलोची म्हैस घेतली, तर वजनात म्हैस १६ शेळ्यांएवढी भरते, पण बसल्या जागी जाळते ती ८ शेळ्यांएवढी ऊर्जा. म्हणजे किलोमागे बघाल तर शेळी म्हशीच्या दुप्पट खर्चिक.

हे सूत्र उंदरापासून हत्तीपर्यंत बऱ्यापैकी लागू पडतं म्हणून ते प्रसिद्ध झालं. आलेखावर सरळ रेघ दिसते. पण रेघेच्या अगदी जवळ जाऊन एकाच प्रजातीचे ठिपके पाहिले, तर ते रेघेवर नसतात, तिच्या खालीवर विखुरलेले असतात. बराच काळ शास्त्रज्ञ या विखुरण्याला मोजमापातली चूक समजून सोडून देत. गेल्या तीसेक वर्षांत त्याच जनावरांना पुन्हा पुन्हा मोजलं गेलं, तेव्हा दिसलं की जे वर होते ते पुढच्या वेळीही बहुधा वरच राहतात आणि खालचे खाली. मध्ये जितका जास्त काळ जाईल तितकी ही सवय थोडी सैल होते, पण पुसली जात नाही. वजन, वय, नर-मादी, तापमान सगळं वजा केल्यावरही एकाच प्रजातीत दोनपट, काही वेळा तीनपट फरक सापडला आहे. एकाच हौदात वाढलेल्या माशांतसुद्धा.

दुप्पट म्हणजे किती, याचा विचार करा. एकीला नुसतं जिवंत राहायला जेवढी वैरण लागते, तेवढ्यात दुसऱ्या दोघी निभावतील.

खर्च होतो तो कुठे?

पहिलं उत्तर शरीराच्या आतल्या भागांत आहे. सगळं मांस सारखं खर्चिक नसतं. माणसाच्या शरीराचे आकडे चांगले ठाऊक आहेत म्हणून ते देतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी जाळतो, एक किलो चरबी साडेचारच्या आसपास. पण एक किलो यकृत सुमारे २०० जाळतं, मेंदू २४०, आणि हृदय व मूत्रपिंडं प्रत्येकी किलोला ४४०. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीतल्या खर्चाचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. तेव्हा वजनकाट्यावर दोन जनावरं सारखी भरली, पण एकीचं यकृत आणि आतडी मोठी आणि दुसरीच्या अंगावर चरबी जास्त, तर पहिलीचा खर्च आपोआप वर जाणार.

(‘चयापचय वाढवा, बसल्या जागी वजन घटवा’ अशा जाहिराती पाहिल्या की मला मनापासून राग येतो, तो या आकड्यांमुळे. महिनोन्‌महिने घाम गाळून दोन किलो स्नायू कमावले, तर बसल्या जागी रोज २६ किलोकॅलरी जास्त जळतील. भाकरीचे एक-दोन घास. व्यायामाचे फायदे पुष्कळ आहेत, पण ते दुसरे.)

गुरांत आणि मेंढरांत हे चित्र आणखी ठळक होतं. त्यांची पोटं, आतडी आणि यकृत मिळून शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा, त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे. पण शरीर जो ऑक्सिजन वापरतं त्यातला ४० ते ५० टक्के या एवढ्याशा भागात जातो. आतड्याचं अस्तर काही दिवसांत झिजतं आणि सतत नवं करावं लागतं. कडब्याचं खडबडीत, अर्धवट मुरलेलं खाद्य तिथून पुढे सरकत असतं आणि त्याला लागून असलेल्या पेशी सारख्या बदलल्या जातात. यकृतात तर पोटातून आलेल्या प्रत्येक गोष्टीवर प्रक्रिया होते, त्यात अमोनियाचं युरियात रूपांतर करण्यालाही ऊर्जा मोजावी लागते. म्हैस डोळे मिटून बसलेली दिसते तेव्हा तिच्या शरीरातल्या कामाचा निम्म्याजवळचा भाग इथे चाललेला असतो.

आपल्या भागात हे समजावून द्यायला साखर कारखान्यासारखं उदाहरण नाही. गळीत हंगाम संपला, शेवटची ट्रॅक्टर-ट्रॉली रिकामी झाली, तरी कारखान्याचा खर्च थांबत नाही. कायम कामगारांचे पगार, राखणदार, बॉयलरची दुरुस्ती, रोलर उतरवून घासणं, कर्जाचं व्याज. जितकी गाळप क्षमता मोठी तितका बंद काळातला खर्च मोठा. रानात ऊस उदंड असेल त्या वर्षी हाच मोठा कारखाना झपाझप गाळप करून भरपूर साखर काढतो आणि बंद काळातला खर्च सहज वसूल होतो. ऊस वाळला त्या वर्षी तोच खर्च त्याला बुडवतो, आणि शेजारचा छोटा कारखाना कसाबसा का होईना तगून राहतो. मोठं यकृत, लांब आतडी, दणकट हृदय असलेलं जनावर म्हणजे मोठ्या क्षमतेचा कारखाना. ते जास्त खाऊ शकतं, जास्त पचवू शकतं, जास्त दूध देऊ शकतं, जास्त पिल्लं वाढवू शकतं. त्याची किंमत ते रोज, रिकाम्या वेळीही, भरत असतं.

पोलंडमधल्या बियालिस्तोकच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर याचा सरळ पुरावा मिळवला. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी एका वंशात फक्त जास्त विश्रांती-खर्चाचे उंदीर जुळवले आणि दुसऱ्या वंशात फक्त कमी खर्चाचे. आतड्याची किंवा हृदयाची निवड त्यांनी केलीच नव्हती. पण काही पिढ्यांनंतर उंदीर कापून पाहिले तेव्हा जास्त खर्चाच्या वंशात आतडी, यकृत, मूत्रपिंडं आणि हृदय, सगळंच मोठं झालेलं होतं. यात दोन गोष्टी एकदम कळल्या. खर्चाचा संबंध आतल्या अवयवांशी आहे, आणि काही प्रमाणात तो आईबापांकडून येतो.

दुसरं उत्तर त्याहून खोल, पेशीच्या आत आहे. दोन जनावरांचे अवयव अगदी सारखे असले तरी त्यांतल्या पेशी सारख्या काटकसरी असतील असं नाही. विश्रांतीतल्या खर्चाची तीन मोठी खाती पेशीत आहेत. एक, पेशीच्या आत आणि बाहेर सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण राखणारे पंप, जे अखंड चालतात. दोन, जुनी प्रथिनं मोडून नवी बांधणं. तिसरं खातं सगळ्यात चमत्कारिक आहे. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियांत, अन्नातल्या ऊर्जेचा वापर करून प्रोटॉन आतल्या पडद्याच्या एका बाजूला ढकलले जातात. ते ठरावीक वाटेने परत येताना एटीपी हा पेशीचा कामाचा इंधनरेणू तयार होतो. पण काही प्रोटॉन ती वाट सोडून पडद्यातूनच झिरपून परत येतात. त्यातून एटीपी मिळत नाही, फक्त उष्णता निघते. प्रयोगशाळेतल्या उंदरांत विश्रांतीतल्या ऑक्सिजनचा सुमारे पाचवा हिस्सा या गळतीपायी जातो. पडदा किती गळका आहे हे त्यातल्या स्निग्ध पदार्थांवर, काही प्रथिनांवर आणि थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकावर अवलंबून असतं, आणि ते प्रत्येक जनावरात वेगळं.

गळती म्हटलं की आपल्याला नुकसान वाटतं. पण ब्रिटनमध्ये जॉन स्पीकमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचला आणि माझी ती समजूत बदलली. त्यांनी एकाच वंशाच्या ४२ उंदरांचा ऊर्जाखर्च मोजला आणि मग ते आपल्या मरणाने मरेपर्यंत वाट पाहिली. जे जास्त जळतं ते लवकर विझतं, असा जुना समज होता. झालं उलटं. सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्या चौथाई उंदरांनी सगळ्यात कमी खर्चवाल्या चौथाईपेक्षा ३६ टक्के जास्त आयुष्य काढलं, आणि त्यांच्या तंतुकणिका जास्त गळक्या निघाल्या. गळती असली की पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू कमी तयार होत असावेत, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. एका प्रयोगावरून सगळ्या प्राण्यांचा कायदा करता येत नाही, आणि वेगवेगळ्या प्रजातींत निकाल वेगवेगळे आले आहेत. तरी ‘खर्चिक म्हणजे वाईट’ हे समीकरण इथे मोडतं.

जन्माच्या आधीची आणि नंतरची छाप

आईबापांकडून आलेला वाटा किती, याची उत्तरं प्रजातीप्रमाणे बदलतात. काहींत बराच, काहींत नगण्य. उरलेलं घडतं वाढीच्या काळात. झेब्रा फिंच या लहान पक्ष्यांची पिल्लं शास्त्रज्ञांनी मुद्दाम अदलाबदल करून काही मोठ्या कुटुंबात आणि काही लहान कुटुंबात वाढवली. मोठ्या कुटुंबात, म्हणजे दाणापाण्यासाठी ओढाताण असलेल्या घरट्यात, वाढलेल्या पिल्लांचा विश्रांती-खर्च मोठेपणीही जास्त राहिला. बालपणीच्या चणचणीने त्यांचं शरीर काटकसरी व्हायला हवं होतं असं आपल्याला वाटेल, पण तसं झालं नाही. घाईने, कमी साहित्यात बांधलेल्या शरीराला पुढे जास्त डागडुजी लागत असावी. आपल्याकडे आईचं दूध बाजारात घालून रेडकाला शेवटच्या धारेवर ठेवायची पद्धत आहे. त्या रेडकाच्या पुढच्या आयुष्यावर नेमका काय परिणाम होतो हे या पक्ष्यांवरून सांगता येणार नाही. पण विचारण्यासारखा प्रश्न नक्की आहे.

आणि मग रोजच्या परिस्थितीची छाप. विश्रांतीतला खर्च दगडावरची रेघ नाही. मेंढ्यांना काही आठवडे भरपूर खाद्य दिलं की त्यांचं यकृत आणि आतडी वाढतात, खाद्य तोडलं की आक्रसतात, आणि खर्च त्यांच्याबरोबर वरखाली होतो. युरोपातली चिचुंदरीची एक जात तर हिवाळ्यात आपली कवटीसुद्धा आक्रसवते आणि वसंतात परत वाढवते. हे पोलंडच्या डेनेल यांनी १९४९ साली नोंदवलं. ताप आला की शरीराच्या तापमानातल्या दर अंशामागे खर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी चढतो, त्यामुळे लाळ्या-खुरकुतातून उठलेलं जनावर खंगलेलं दिसतं यात नवल नाही. दुभत्या गाईचा स्वतःला सांभाळण्याचा खर्चसुद्धा, दुधात जाणारी ऊर्जा सोडून, भाकड गाईपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त धरतात.

माणसांत हे सगळ्यात कसोशीने पाहिलं गेलं ते अमेरिकेत, १९४४-४५ मध्ये. ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचं वजन सुमारे चौथाईने घटलं आणि विश्रांतीतला खर्च सुमारे ४० टक्क्यांनी. त्यातली बरीचशी घट शरीरच लहान झाल्यामुळे होती. उरलेली पेशींनी खरोखर हात आखडता घेतल्यामुळे.

यावरून कुणी म्हणेल की गरिबाच्या शरीराला कमी पुरतं. हा विचार धोरणं ठरवणाऱ्यांच्या डोक्यात एकेकाळी चांगलाच रुजला होता. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलेल्या मजुरांचा खर्च मोजला. एकूण आकडा कमी होता, कारण शरीरच लहान होतं. पण चरबी वगळून उरलेल्या वजनाचा हिशेब घातल्यावर त्यांच्या शरीरात निराळी काटकसर सापडली नाही. उपासमारीची सवय होते हे म्हणणं शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, आणि आपल्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेने ते दाखवून दिलं याचं मला मोल वाटतं.

मग निसर्गाने एकच आकडा का ठरवला नाही?

कमी खर्च चांगला असेल तर लाखो वर्षांच्या निवडीत सगळी जनावरं काटकसरी व्हायला हवी होती. जास्त खर्च चांगला असेल तर सगळी खर्चिक. दोन्ही झालं नाही. का, ते स्कॉटलंडमधल्या माशांवरच्या कामातून सगळ्यात चांगलं कळतं.

सॅमन माशाची पिल्लं ओढ्यात जागेसाठी भांडतात. पाण्याबरोबर खाणं वाहत येईल अशी जागा ज्याच्या ताब्यात तो वाढतो. १९९५ साली दिसलं की ज्या पिल्लांचा विश्रांती-खर्च जास्त, ती भांडणात वरचढ ठरतात. म्हणजे खर्चिक असणं फायद्याचं. पण पुढे हाच प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणी केला गेला. जिथे तळ मोकळा आणि खाणं ठरलेल्या जागी येत होतं, तिथे खर्चिक पिल्लं चांगली जागा बळकावून भराभर वाढली. जिथे दगडगोटे होते आणि खाणं कधी इथे, कधी तिथे येत होतं, तिथे त्यांचा फायदा नाहीसा झाला. एकच मासा, एकच शरीर, पण जागा बदलली की हिशेब बदलला.

आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला खानापूर तालुका. कणकुंबी, जांबोटीच्या रानात पाऊस कोसळतो, मलप्रभा तिथेच उगम पावते, गवत कमरेएवढं होतं. पूर्वेला अथणी, जिथे पावसाने पाठ फिरवली की पाणी टँकरने आणि चारा छावणीतून. चिकोडी-अथणीकडचे धनगर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, शेतात बसवतात, ते या दुष्काळी ताणाला दिलेलं शेकडो वर्षांचं उत्तरच आहे. मोठ्या क्षमतेच्या शरीराचा खर्च खानापूरच्या ओल्या वर्षात वसूल होईल आणि अथणीच्या कोरड्या वर्षात अंगलट येईल, असं स्कॉटलंडच्या माशांवरून अनुमान करता येतं. आणि एकाच गावात एक साल ओलं, एक कोरडं. त्यामुळे कळपात दोन्ही प्रकारची जनावरं टिकून राहतात. बहात्तरच्या दुष्काळात तग धरलेल्या गाईची वंशावळ आणि पंचाहत्तरच्या सुगीत भरपूर दूध दिलेल्या गाईची वंशावळ एकच असेल असं नाही.

तिसराही मार्ग आहे, आणि मला तो सगळ्यात शहाणा वाटतो. ट्राउट माशांवरच्या २०१५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की काही मासे परिस्थितीप्रमाणे आपला खर्चच बदलतात. खाणं वाढवलं तेव्हा ज्यांनी खर्च जास्त वाढवला ते जास्त वाढले. खाणं तोडलं तेव्हा ज्यांनी खर्च जास्त उतरवला त्यांचं वजन कमी घटलं. या माशांत फरक पडला तो बदलण्याच्या ताकदीने.

बेळगावात दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात. ते पाहताना हमखास वाटतं, जी जोरात पळते तिचा बसलेला खर्चही जास्त असेल का? सस्तन प्राणी पूर्ण जोर लावतात तेव्हा विश्रांतीच्या साधारण दहापट ऊर्जा वापरतात, आणि मोठं हृदय-फुप्फुस ठेवायचं तर बसतानाही खर्च जास्त, असं एक मत आहे. पण एकाच प्रजातीतल्या जनावरांत हा संबंध कधी दिसतो, कधी दिसत नाही.

गोठ्यातला हिशेब

गाईंच्या बाबतीत काही आकडे ठरलेले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या गुरांच्या आहार-मार्गदर्शिकेत तिकडच्या मांसाच्या गुरांशी तुलना केलेली आहे. वशिंडाच्या, म्हणजे आपल्या खिल्लार किंवा कृष्णाकाठच्या गाईंच्या कुळातल्या गुरांना शरीर सांभाळायला सुमारे १० टक्के कमी ऊर्जा लागते, तर होल्स्टीन आणि जर्सीसारख्या दुधाळ जातींना सुमारे २० टक्के जास्त. दुधाळ गाईंचे आतले अवयव मोठे असतात हे त्यामागचं एक मुख्य कारण. संकरित गाय वैरण जास्त मागते, ती या मोठ्या कारखान्याची मागणी आहे. दूध देत असेपर्यंत तो खर्च भरून निघतो. भाकड काळात आणि दुष्काळात तो मालकाच्या खिशातून जातो.

एकाच जातीतही फरक शोधता येतो, आणि त्याची पद्धत १९६३ साली रॉबर्ट कॉख यांनी मांडली. जनावराच्या वजनावरून आणि वाढीवरून त्याने किती खायला हवं हे काढायचं, मग प्रत्यक्ष किती खाल्लं ते मोजायचं. अपेक्षेपेक्षा कमी खाऊन तेवढंच वाढलं तर ते काटकसरी. ऑस्ट्रेलियात याच कसोटीवर अँगस या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीच्या गुरांची निवड करून काटकसरी आणि खादाड असे वेगळे वंश तयार केले गेले. त्यांच्यातला फरक कुठून येतो हे तपासलं तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा प्रथिनांची मोडतोड-बांधणी, पेशींचा कारभार आणि ताण यांचा निघाला. पचनाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास, हालचालीचाही तेवढाच. म्हणजे काकूंची बारकी म्हैस कदाचित चांगलं पचवतही असेल. पचलेलं जातं कुठे, हा प्रश्न उरतो.

ताणाची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी, कारण ती आपल्या हातातली आहे. बुजरं, सतत कान टवकारून बसलेलं जनावर ऊर्जा जास्त जाळतं. दांडगीच्या शेजारी बांधलेल्या बारकीला वेगळ्या खुंट्यावर बांधून पाहावं. जंत, गोचीड, ताप हे आधी निस्तरावेत, कारण त्यांच्यामुळे वाढलेला खर्च औषधाने उतरतो. एवढं करून फरक उरला तर मात्र तो शरीराच्या बांधणीतला आहे असं समजून विचार करावा. ज्या गोठ्यात बारा महिने हिरवी वैरण आणि सरकी पेंड मिळते, तिथे जास्त खाणारी, जास्त दूध देणारी म्हैस परवडते. जिथे मार्चनंतर कडब्याच्या पेंढ्या मोजून टाकाव्या लागतात, तिथे कालवड किंवा रेडी ठेवताना तिच्या आईचं भर पावसाळ्यातलं दूध तर बघावंच, पण ती उन्हाळ्याच्या अखेरीला कशी दिसत होती हेही विचारावं. विकत आणताना हा प्रश्न बाजारात कुणी विचारत नाही, आणि त्याचं उत्तर फक्त तिच्या आधीच्या मालकालाच ठाऊक असतं.